एक कुंपण, तीन हवामाने

आमच्या नेरूळच्या सोसायटीला चारही बाजूंनी झुडपांचे कुंपण आहे आणि गेल्या काही वर्षांच्या अनुभवानंतर मी खात्रीने सांगू शकते की त्या एकाच कुंपणाच्या वाट्याला तीन वेगवेगळी हवामाने आलेली आहेत. पश्चिमेची बाजू खाडीकडून येणारा वारा अंगावर घेते. दक्षिणेची बाजू पेव्हर ब्लॉक आणि उभ्या गाड्या यांच्यामध्ये सापडून मार्चपासून तापत राहते. पूर्वेची बाजू उताराच्या टोकाला आहे, त्यामुळे जुलैमध्ये आवारातले सगळे पाणी तिच्या पायाशी येऊन थबकते. उत्तरेकडे इमारतीची सावली पडते. तिथल्या तगरीला आजवर काहीही झालेले नाही, त्यामुळे तिच्याविषयी लिहिण्यासारखेही काही नाही. बागेचे काम माझ्याकडे आले ते ‘तुम्हाला आवड आहे ना, मग तुम्हीच बघा’ या एका वाक्यावर, आणि सोसायटीत असे वाक्य एकदा ऐकले की त्यातून सुटका नसते.

सुरुवातीला मी मिळेल ते वाचत असे, आणि त्यातले बरेचसे थंड देशांविषयीचे असे. तिकडे सदाहरित झुडपांच्या कुंपणांना हिवाळ्यात गोणपाट गुंडाळतात. हे बर्फाच्या भीतीने करत असावेत, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात कारण वेगळे आहे. जमिनीतले पाणी गोठल्यामुळे मुळांना ते ओढता येत नाही, वर मात्र कोरडा वारा आणि ऊन पानांमधले पाणी काढून घेत राहतात, आणि जमा थांबलेली असताना खर्च चालूच राहिल्यामुळे झुडूप वाळते. नेरूळमध्ये पाणी गोठण्याचा प्रश्न नाही. पण मुळांची जमा बंद पडण्याचे इतर मार्ग आपल्याकडे भरपूर आहेत. माती कोरडी पडली की जमा थांबते, माती खारट झाली की थांबते, आणि माती पाण्याने तुडुंब भरली तरीही थांबते. हा तिसरा मार्ग लक्षात यायला मला एक अख्खी रांग गमवावी लागली.

ती रांग पूर्वेकडच्या जास्वंदीची होती. जुलैमधल्या सततच्या पावसानंतर तीन-चार दिवस उघडीप मिळाली आणि त्या उन्हात जास्वंदीची पाने एकदम माना टाकू लागली. पाने हिरवीच होती, पण दुपारी पाणी न मिळालेल्या रोपासारखी लोंबत होती. मी आमच्या माळीकाकांना म्हटले, “काका, ऊन कडक आहे, संध्याकाळी पाणी घालाल का?” काकांनी उत्तर न देता खुरप्याने एका झुडपाच्या कडेची माती वीतभर खोल उकरली आणि ओंजळीत घेऊन माझ्यापुढे धरली. वरची दोन बोटे माती तांबूस होती. तिच्याखालची काळसर, चिकट आणि गटाराचा वास येणारी होती. त्यातले एक मूळ त्यांनी दोन बोटांत धरून ओढले, तर त्याची साल बोटांत राहिली आणि आतला दोऱ्यासारखा गाभा तेवढा बाहेर आला. “ताई, ही तहानेने नाही, बुडून मेलीये,” काका म्हणाले.

मुळांनाही श्वास घ्यावा लागतो आणि तो ते मातीच्या कणांमधल्या पोकळीतून घेतात. पोकळ्या पाण्याने भरल्या की काही दिवसांत बारीक मुळे मरतात, कुजवणाऱ्या बुरश्यांना आयते रान मिळते, आणि झुडूप पाण्यात उभे असूनही तहानलेले दिसू लागते. ते पाहून माणूस आणखी पाणी घालतो. नवी मुंबईत हा धोका जरा जास्तच आहे, कारण शहराचा बराचसा भाग दलदलीच्या आणि मिठागरांच्या जमिनीवर भराव घालून वसवला गेला आहे. वर फूट-दीड फूट आणून टाकलेली माती, तिच्याखाली रोलरने दाबलेला मुरूम आणि त्याखाली खाडीचा चिखल, अशी आमच्या आवारातली रचना आहे. मुरमाच्या त्या दाबलेल्या थरातून पाणी झिरपत नाही, त्यामुळे झुडपासाठी खणलेला प्रत्येक खड्डा पावसाळ्यात चक्क एक बादली होऊन बसतो.

उपाय खणण्याचाच होता. भिंतीच्या कडेने एक फूट खोल चर काढून तो पावसाळी गटारापर्यंत नेला, चराच्या तळाशी विटांचे तुकडे भरले, आणि नवी झुडपे खड्ड्यात न लावता नऊ इंच उंच वरंब्यावर लावली. उन्हाळ्यात पाणी साठावे म्हणून प्रत्येक झुडपाभोवती आपण जे आळे करतो, ते जूनच्या आरंभी मोडून माती बुंध्याकडे चढती करावी लागते. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि दरवर्षी विसरले जाते. कुंड्या असणाऱ्यांनी याच सुमारास खालच्या थाळ्या काढून कुंड्या दोन विटांवर ठेवाव्यात.

पश्चिमेची कहाणी वाऱ्याची आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. रायगडमधल्या नारळी-पोफळीच्या बागांचे जे झाले त्यापुढे आमच्या कुंपणाचे दुःख सांगणेसुद्धा संकोचाचे आहे, तरीही चारच दिवसांनी खाडीकडच्या कामिनीची सगळी पाने कडांपासून आत करपत गेली, जणू कोणी गरम इस्त्री ओझरती फिरवली असावी. गंमत अशी की प्रत्येक झुडपाची इमारतीकडची बाजू हिरवीगार होती. पुढच्या वर्षी १७ मे २०२१ रोजी तौक्ते मुंबईजवळून उत्तरेला सरकले तेव्हा तोच प्रकार पुन्हा झाला, आणि त्या वेळी मी एक पान जिभेला लावून पाहिले. ते खारट होते.

खाऱ्या वाऱ्यावरचा तातडीचा उपाय साधा आहे: वारा थांबताच गोड्या पाण्याने झुडपे वरपासून खालपर्यंत धुऊन काढावीत, आणि करपलेल्या फांद्या लगेच कापू नयेत. पाने गेली तरी फांदी बहुधा जिवंत असते. नखाने साल किंचित खरवडली आणि आत हिरवे दिसले तर तिला महिनाभर हात लावू नये. आम्ही पहिल्या वर्षी घाईने सगळे छाटले आणि ज्यांना फुटायचे होते तेही घालवून बसलो.

दीर्घकालीन उपाय मात्र झुडूप बदलण्याचा होता. आता तिथे बाहेरच्या रांगेत कोयनेल आहे. एके काळी शाळा, बंगले आणि रेल्वे क्वार्टर्स यांच्या भोवती हमखास दिसणारे हे कुंपण नव्या सोसायट्यांमधून हद्दपार झाले, कारण त्याची फुले लहान आणि पाने साधी असतात. पिवळ्याधमक ड्युरांटापुढे ते कोणाच्या नजरेत भरत नाही. पण कोयनेल मुळातच किनाऱ्यावर, खारफुटीच्या कडेला वाढणारी वनस्पती आहे, तिला खारे वारे आणि खारी माती घरच्यासारखी आहे, आणि तिच्या कडवटपणामुळे गुरेही तिला सहसा तोंड लावत नाहीत. जवळून पाहिले तर तिचे पांढरे फूल आणि त्यातून बाहेर डोकावणारे जांभळट लांब केसर फार देखणे असतात. तिच्या आडोशाला दुसऱ्या रांगेत कामिनी आणि एक्झोरा सुखाने राहतात.

आडोशाबद्दल एक चूक सांगणे आवश्यक आहे. कोयनेल लहान असताना समितीने मोठ्या उत्साहाने पश्चिमेला ताडपत्री ताणून बांधली होती. भरीव अडसरावर आदळलेला वारा त्याच्यावरून उडी मारून मागच्या बाजूला भोवरा करत खाली उतरतो, आणि त्या भोवऱ्याने ताडपत्रीमागची कोवळी रोपे आडवी केली. त्यानंतर आम्ही पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधली. निम्मा वारा आरपार जाऊ देणारा अडसर उरलेल्या वाऱ्याचा जोर मोडतो, आणि त्याचा फायदा अडसराच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत कमी-अधिक जाणवतो. झाडांचे कुंपण दगडी भिंतीपेक्षा चांगला आडोसा का देते, त्याचे कारणही हेच आहे.

दक्षिणेकडची बाजू उन्हाची, आणि तिच्याबाबत माझी तक्रार हवामानाइतकीच माणसांविषयी आहे. २०२२ च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, त्या वेळी नेमलेल्या कंत्राटदाराच्या माणसांनी मी गावी असताना यंत्राने संपूर्ण कुंपण गुडघ्यापर्यंत उतरवले. काम स्वच्छ होते, ओळ सुतात होती; पण आजवर सावलीत राहिलेल्या आतल्या फांद्या एकाएकी भर उन्हात आल्या आणि आठ दिवसांत त्यांची साल भाजून उभी तडकली. खालचे पेव्हर ब्लॉक दुपारभर तापून रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतात, त्यामुळे या बाजूच्या झुडपांना रात्रीही पुरती विश्रांती मिळत नाही. आता फेब्रुवारीअखेर बुंध्याभोवती दोन-तीन इंच जाडीचे सुक्या पाचोळ्याचे आणि नारळाच्या सोडणांचे आच्छादन पसरतो, खोडाला ते टेकू देत नाही, आणि रोज शिंपडण्याऐवजी एक दिवसाआड पहाटे भरपूर पाणी देतो. हेच आच्छादन पावसाळ्याआधी बाजूला ओढावे लागते, नाहीतर त्याखाली गोगलगायी आणि वाणी यांची वसाहत होते.

छाटणी करायचीच नाही असे मुळीच नाही. पावसाळ्यापूर्वी ती हवीच, कारण दाट आणि उंच वाढलेले झुडूप वाऱ्यात शिडासारखे फुगते आणि ओल्या मातीतून मुळासकट उपटले जाते. मात्र वरून सपाट कापण्यापेक्षा आतल्या जुन्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढून विरळणी करावी, म्हणजे वाऱ्याला वाट मिळते आणि आतल्या सालीवर सावलीही राहते. कुंपणाचा आकार पायाशी रुंद आणि माथ्याशी अरुंद ठेवला तर खालच्या पानांना ऊन मिळते आणि बूड उघडे पडत नाही. आम्ही हे काम मेच्या शेवटच्या आठवड्यात करत असू, कारण मुंबई परिसरात मान्सून पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच येऊन उभा राहिला, आमची निम्मी छाटणी भर पावसात झाली, आणि ओल्या जखमांमधून फांद्या वरून खाली वाळत गेल्या. त्यामुळे आता विरळणी मेच्या मध्यापर्यंत, तीही संध्याकाळी, उरकायची असे ठरले आहे.

अंगठ्याहून जाड फांदी कापली की काका त्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावतात: शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात, दोन्ही प्लॅस्टिकच्याच भांड्यांत वेगवेगळे विरघळवून तिसऱ्या बादलीत एकाच वेळी ओतायचे आणि त्याच दिवशी वापरून संपवायचे. मग ते आपला जुना लोखंडी चाकू त्या निळ्या मिश्रणात मिनिटभर बुडवून बाहेर काढतात आणि उजेडात धरतात; पात्यावर तांबूस झाक आली तर मोरचूद जास्त झाले, अजून चुना घालायचा. नव्या रोपांना ते सुतळीने आधार बांधतात, तोही खाली आणि आठाच्या आकड्यासारखा सैल, म्हणजे खोड थोडे डुलत राहते आणि जाड होते. नायलॉनची दोरी सालीत रुतते आणि कोणीतरी सोडेपर्यंत तशीच राहते; सुतळी सोडायचे विसरले तरी पावसात आपोआप कुजून गळते.

सध्या जिन्याखाली दुधाच्या पिशव्यांमध्ये कोयनेलच्या वीस फांद्या टोचून ठेवल्या आहेत आणि त्यांतल्या सतरा फुटल्या आहेत. पश्चिमेच्या कोपऱ्यात गेल्या पावसाळ्यात चार फुटांची खिंड पडली आहे. पहिला जोराचा वारा ओसरला की त्या तिथे जातील.