काळी एकचा सा आणि चर्चमधला ऑर्गन

इंग्लंडला नोकरीसाठी आल्यापासून गाणं जवळजवळ सुटलंच होतं. पुण्यात काही वर्षं ख्याल शिकलो होतो. इथे उरला तो मोबाईलमधला तानपुरा. गावातल्या चर्चच्या क्वायरला, म्हणजे गायकवृंदाला, बास म्हणजे पुरुषांचे सगळ्यात खालचे आवाज हवेत असं कळलं आणि गेलो. ऑडिशनचा बडेजाव नव्हता. क्वायर बसवणाऱ्या बाईंनी पियानोवर सूर दिले, मी ते म्हणून दाखवले, खाली कुठवर गळा जातो ते त्यांनी पाहिलं. धर्म कुणी विचारला नाही. गुरुवारी संध्याकाळी मोकळा असतोस का, एवढंच विचारलं.

हातात पडलं ते फ्रेंच संगीतकार गाब्रिएल फोरेचं ‘कांतीक द जाँ रासीन’. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे वरून खाली चार आवाज आणि साथीला ऑर्गन. चर्चसाठी वादक घडवणाऱ्या पॅरिसच्या निडरमायर शाळेत शिकत असताना फोरेने हे लिहिलं आणि १८६५ साली शाळेच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस पटकावलं. वय वीस! शब्द मात्र नाटककार रासीनचे, १६८८ मधले. एका जुन्या लॅटिन प्रार्थनेचं फ्रेंच रूप.

कागदाच्या सुरुवातीलाच पाच फ्लॅट, म्हणजे स्वर अर्धा उतरवायच्या खुणा. नोटेशन वाचायची सवय नसलेल्याला धडकी भरावी असा देखावा. पण पियानोवर पहिला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, वाजला आणि जीव भांड्यात पडला. डी फ्लॅट मेजर, म्हणजे काळी एकचा (पेटीवरच्या पहिल्या काळीवरचा) सा आणि सगळे स्वर शुद्ध. आपल्याकडच्या पुरुषांची ही नेहमीची पट्टी; माझा रियाज तिच्यातच झालेला. मग पेन्सिल घेऊन नोटांखाली सारेगम लिहिलं आणि फ्रेंच शब्द देवनागरीत. ‘एस्पेराँस’मधला अनुनासिक आँ आम्हाला काय अवघड! शेजारचे इंग्रज आजोबा माझ्या कागदात डोकावून बघायचे.

सुरुवात बासच करतात. मागून टेनर, मग आल्टो, मग सोप्रानो. एकट्याने गाणाऱ्याचा अहंकार इथे सोलून निघतो. मींड नको, सुरावर डोलणं नको, आणि मुख्य म्हणजे आपला आवाज वेगळा ऐकू येता कामा नये. श्वाससुद्धा वाटून घ्यायचा: शेजारी घेईल तेव्हा आपण ओढून धरायचं, म्हणजे ओळ तुटत नाही. शब्दाच्या शेवटचा ‘स’ सगळ्यांनी एकाच क्षणी म्हणायचा, नाहीतर साप सोडल्यासारखं होतं. ह्या एका ‘स’वर आमचा जेवढा वेळ गेला तेवढ्यात एखादा छोटा ख्याल बसला असता.

खरी झटापट झाली ती गंधाराशी. तानपुऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाचा शुद्ध गंधार ऑर्गनच्या गंधारापेक्षा उतरा असतो, साधारण १४ सेंटने. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर. हार्मोनियमचंही तेच आहे म्हणा, पण तिथे आपण गळ्याने सांभाळून घेतो. इथे तो गंधार, म्हणजे एफ, धरून उभं राहावं लागतं आणि पाइप काही तुमच्यासाठी जागचा हलत नाही. बाई भुवई वर करत, बोट वर दाखवत. माझ्या मते मी सुरात होतो आणि आजही माझं मत तेच आहे. तरी गंधार थोडा चढवून म्हणायला शिकलो. साथीशिवायच्या रचनेत मात्र हाच कान कामाला येतो. आवाज एकमेकांत नीट बसले की कॉर्ड आपोआप जुळून येतो.

चर्चमध्ये ऑर्गनबरोबर पहिली तालीम झाली तेव्हा पियानोवरचं सगळं गणित बदललं. पाइप उंचावर, आमच्यापासून लांब. त्यांचा आवाज जरा उशिराच पोचतो आणि दगडी भिंतींवरून परतत राहतो. फोरेच्या साथीत सतत वाहणारे तीन-तीन स्वरांचे झुपके. जाड आवाजाचे स्टॉप (पाइपांचे संच चालू-बंद करायच्या खुंट्या) काढले तर त्यांचा नुसता गाळ होतो. वादकाने मोठे स्टॉप बंद करून आठ फुटी फ्लूट हा मऊ आवाजाचा स्टॉप ठेवला, तेव्हा कुठे ते झुपके सुटे ऐकू आले. तो आमच्याकडे पाठ करून बसतो आणि छोट्या आरशातून बाईंचा हात बघतो. आम्हाला ताकीद एकच: ऑर्गन ऐकून गाऊ नका, हात बघून गा. समेची वाट कानाने बघणाऱ्याला हे फार जड गेलं.

रविवारी पार पडलं. क्वायरचा झगा गुडघ्याच्या जेमतेम खाली येत होता, पण बासच्या रांगेत दुसऱ्या ओळीत कोण बघतंय! चहाच्या टेबलाशी बाईंनी पुढच्या महिन्याचे कागद वाटले. संगीतकार स्टॅनफर्डची बी फ्लॅटमधली सायंप्रार्थना, १८७९ सालची. फ्लॅट दोनच, पण सा थेट काळी पाचवर.