आमची वाटचाल: दोन टाक्या आणि एक ओव्हन

जळगाव एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये झिंक प्लेटिंग, म्हणजे करंट सोडून लोखंडावर जस्ताचा थर चढवणं, सुरू केलं तेव्हा दोन टाक्या, एसीचा डीसी करंट करणारा एक जुना रेक्टिफायर आणि माल भरलेलं फिरतं पिंप, म्हणजे बॅरल, चढवायला मी आणि आमचे आबा, एवढाच कारभार. कामं ठिबकच्या क्लॅम्पची, ट्रॉलीच्या नटबोल्टांची. मऊ लोखंड, ॲसिडात बुडवा, चमकवा, पोत्यात भरा.

मग कापसाच्या जिनिंग प्रेसचे १२.९ ग्रेडचे, म्हणजे फार कडक पोलादाचे, बोल्ट आले. हा बोल्ट चौरस मिलिमीटरला साधारण १२० किलो ताण सोसतो. लॉट चकचकीत करून दिला, बिल लावलं. तिसऱ्या दिवशी फोन : "भाऊ, रातभर मशीन बंद होती, अन् सकाळी तीन बोल्टांची डोकी खाली पडलेली!" आवळताना एकही तुटला नव्हता. मी सरळ बोल्ट तापवून कडक करणाऱ्या हीट ट्रीटमेंटवाल्यावर घसरलो. नंतर तुकडा भिंगाखाली धरला, तर तुटल्या जागी खडीसाखरेसारखे दाणे चमकत होते. ताणून मान बारीक झाल्याची खूणच नाही.

चूक आमच्याच टाकीतली. पिकलिंगच्या, म्हणजे गंज काढायच्या, ॲसिडात आणि प्लेटिंगच्या करंटखाली हायड्रोजन सुटतो. बुडबुडे दिसतात ते वर जातात, पण काही अणू पोलादात शिरतात, आणि वर झिंक बसलं की त्यांची बाहेरची वाट बंद. बोल्ट आवळला की डोक्याखालच्या वळणात, आट्यांच्या खाचेत, जिथं ताण जास्त तिथं ते जमतात आणि पोलाद ठिसूळ करतात. सतत धक्के खाणाऱ्या जागी तर बारीकशी चीर दर हिसक्याला एरवीपेक्षा जास्त वाढते. आणि पोलाद जितकं कडक, तितकं हे दुखणं मोठं. आमच्या मऊ मालाला म्हणूनच कधी काही झालं नव्हतं. ॲसिडातून काढलेली लोखंडी तार ठिसूळ होते, मोडलेलं टोक ओलं केलं की फेसाळतं, हे विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रजाने १८७५ सालीच लिहून ठेवलंय. आम्हाला कळायला अख्खा लॉट परत यावा लागला.

उपाय एकच: माल भाजायचा, म्हणजे आत शिरलेला हायड्रोजन उष्णतेनं हळूहळू निघून जातो. कर्ज काढून ओव्हन घेतला, तोही मे महिन्यात. आबा म्हणे, "बाहेर पत्र्यावर ठेव, फुकटात भाजतील." प्लेटिंग झाल्यापासून चार तासांच्या आत माल ओव्हनमध्ये, २०० अंशांवर, १२.९ ला आम्ही पुरते २४ तास देतो. झिंकवर गंजरोधक पातळ थर देणारं पॅसिव्हेशन त्यानंतरच, नाहीतर उष्णतेनं तो थर तडकतो. "आठ तासांत काढून द्या ना" म्हणणारं एक गिऱ्हाईक यापायी तुटलं. तुटू दे.

आता झिंक फ्लेकचं, म्हणजे जस्ताच्या बारीक पापुद्र्यांचा लेप देण्याचं, बघतोय. त्यात करंट नाही, आणि गंज शॉट ब्लास्टिंगने, म्हणजे बारीक छर्ऱ्यांचा मारा करून, काढला की ॲसिडही नाही. कोटेशन आबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "राहू दे रे भो, आधी ओव्हनचे हप्ते फिटू दे."