आत्याचा पगार कुठं जात होता, माझा अनुभव

आमच्याकडं निराधार किंवा श्रावणबाळच्या पेन्शनला सगळे पगारच म्हणतात. आत्याचा हा पगार आठ महिने आला नाही आणि आम्हाला कुणालाच माहिती नव्हतं, आधी हेच सांगतो कारण मला अजून त्याची लाज वाटते.

आत्या ७२ वर्षांची, सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडं दुष्काळी पट्ट्यात तिचं गाव. मामा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. सगळं आयुष्य द्राक्षबागेत गेलं, विरळणी, डिपिंग, आणि सीझन उतरला की बेदाण्याच्या शेडवर निवडायला. ६५ पूर्ण झाल्यावर श्रावणबाळ चालू झालं, महिन्याला १००० होते ते २०२३ ला १५०० झाले. मी सांगलीत मार्केट यार्डात हिशेबाच्या कामाला आहे, वर्षातनं दोन तीनदा जाणं होतं, कुणाच्या तरी फोनवर विचारलं की ती म्हणायची सगळं बरं हाय.

गणपतीत गेलो तर चहा कोरा. दूध बंद केलंस काय गं म्हटलं तर म्हणाली पोटाला सोसत न्हाई. नंतर दुकानात तिच्यासाठी साबण आणायला गेलो तेव्हा दुकानदारानं वही काढून दाखवली, उधारी बरीच झालेली. मग घरी येऊन सरळ विचारलं तेव्हा सांगितलं, पगार येत न्हाई, वरनंच बंद हाय म्हणं.

वरनंच बंद आहे हे तिला कुणी सांगितलं तर गावातल्या एका माणसानं. सगळे त्याला भाऊ म्हणतात. दाखले काढून देणं, फॉर्म भरणं, दवाखान्याला गाडीवरनं नेणं, सगळं तोच करतो. आत्याचं श्रावणबाळचं प्रकरण पण त्यानंच केलं होतं, तेव्हा आमच्यातलं कुणी फिरकलं नव्हतं हे पण खरंय. पासबुक त्याच्याकडंच. आत्या म्हणाली लई चांगला हाय, पगार न्हाई म्हणून त्यानं मला तीनदा पाचशे पाचशे दिले, आला की फेडायचे हायत.

मी रजा टाकली. पासबुक मागून घेतलं, त्यानं लगेच दिलं, काही कुरकुर नाही, म्हणून तेव्हा मला पण शंका आली नाही. बँकेत एंट्री मारून घेतली तर शेवटचा पगार आठ महिन्यांपूर्वीचा. मला वाटलं हयातीचा दाखला राहिला असणार, तो दरवर्षी द्यावा लागतो, नाही दिला तर पगार थांबतो. म्हणून दुसऱ्या दिवशी आत्याला घेऊन एसटीनं तहसीलला संगायोच्या टेबलावर गेलो. संगायो म्हणजे संजय गांधी योजना, श्रावणबाळचं कामपण तिथंच बघतात. तिथल्या मॅडमनी आधार नंबर टाकला आणि म्हणाल्या बंद कुठंय, सगळे हप्ते गेलेत की, आता डीबीटीनं म्हणजे सरकारकडनं थेट जातात, आधारला जे खातं लिंक आहे त्यात.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या कारण मलाही तोपर्यंत माहिती नव्हती. पूर्वी प्रकरण करताना जो खाते नंबर दिला त्यात पैसे यायचे. आता पैसे आधार नंबरवर सुटतात आणि त्या घडीला आधारला जी बँक सीडिंग केलेली, म्हणजे जोडलेली असेल तिकडं जातात. म्हणजे तुमची चार खाती असली तरी शेवटी ज्या बँकेत सीडिंगला संमती दिली तीच बँक धरली जाते. आपण जुनं पासबुक घेऊन बसायचं आणि पैसे भलतीकडंच.

कुठली बँक लागलीय ते आधारच्या वेबसाईटवर दिसतं पण आत जायला ओटीपी लागतो. ओटीपी टाकायला गेलो तर नंबरचे शेवटचे आकडे आत्याचे नाहीत, आत्याकडं फोनच नाही. ते आकडे मी माझ्या मोबाईलमध्ये शोधले तर भाऊचे निघाले. तरीपण मी म्हटलं मदत करताना स्वतःचा नंबर दिला असेल, असं करतात लोक, मीही कदाचित तेच केलं असतं.

मग आधार केंद्रात नंबर बदलायला. तिथं बोट लावावं लागतं. ऑपरेटर पोरगा चांगला होता, आजी जरा तिरकं धरा, आजी दाबा, असं करत राहिला. आत्यानं अंगठा पदराला पुसला, तोंडाजवळ नेऊन फुंकर मारली, परत लावला, नख पांढरं होईस्तोवर दाबला, मशीन काही घेईना. पन्नास वर्षं द्राक्षाच्या काड्यांत आणि बेदाण्याच्या चिकट्यात गेलेला अंगठा तो, त्यावर रेषा कुठल्या राहणार. पोरगा दुसरा अंगठा मागायच्या आत आत्यानंच डाव्या हाताचं मधलं बोट पुढं केलं, म्हणाली हे घे, हे लागतंय. आणि पहिल्या झटक्यात लागलं.

मी विचारलं तुला गं कसं ठाऊक. म्हणाली, भाऊ येतो की मशीन घेऊन म्हैन्याला, रेशनचं केवायसी करायला, ह्याच बोटानं हुतंय.

रेशनचं केवायसी दर महिन्याला कुणी घरी येऊन करत नाही. मला तिथंच बाकड्यावर बसावं लागलं.

नंबर अपडेट व्हायला काही दिवस गेले. मग बघितलं तर सीडिंग दुसऱ्याच एका बँकेत. त्या शाखेत आत्याला घेऊन गेलो, खातं तिच्याच नावावर, म्हणजे तिलाच स्टेटमेंट मागायचा हक्क. त्यांनी काढून दिलं. आठ हप्ते, १२,००० रुपये, प्रत्येक हप्ता आला त्या दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी आधारवरनं बोट लावून काढलेला. पिन नाही, सही नाही, फक्त आधार नंबर आणि बोट. आणि तिचेच पैसे काढून त्यातले १५०० तिलाच उसने म्हणून दिलेले. ती ते फेडायचे म्हणून भिंतीवर कोळशानं रेघा ओढून ठेवत होती, मी घरी गेल्यावर बघितल्या, तीन रेघा.

तो काही अनोळखी चोर नव्हता. तिला दवाखान्यात नेणारा तोच, लाईट बिल भरणारा तोच, लुबाडणारा तोच, आणि म्हणूनच ती आयुष्यात कधी तक्रार करणार नव्हती. मी म्हटलं १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावू, पोलिसात जाऊ, तर रडायला लागली. म्हणाली रात्री दुखाय लागलं तर तू सांगलीसनं येणार हाईस का. ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आणि दुसरी भीती नाव कापायची. ह्या योजनेला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत लागतं, म्हणजे महिन्याला १७५०. आता मजुरीला जाणारी कुठली बाई खरोखर तेवढ्यात बसते सांगा. त्यामुळं प्रत्येकीला आतनं वाटतं चौकशी लागली तर आपलंच नाव जाईल, आणि असली माणसं तेच सांगून गप्प बसवतात. मला तर वाटतं ही मर्यादा वाढवल्याशिवाय ही भीती जाणार नाही, कितीही ॲप काढा.

भाऊला शेजारच्या चार लोकांसमोर बसवलं, स्टेटमेंट पुढं ठेवलं. आधी म्हणाला मावशीनं सांगितलं म्हणून काढले, मग म्हणाला अडचण होती. उसने म्हणून दिलेले १५०० वजा करून राहिलेल्या १०,५०० पैकी ७००० त्या आठवड्यात दिले, बाकीचे देतो म्हणाला, लिहून घेतलंय.

जुन्या बँकेत आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरून दिला आणि बोटावर पैसे निघणं बंद करा असा लेखी अर्ज दिला, पोच घेतली. पोच घ्याच. मला एकानं आधारचं बायोमेट्रिकच लॉक करायला सांगितलं होतं पण मग रेशन दुकानातल्या मशीनवरपण बोट चालणार नाही, पगार वाचवायला जाऊन तांदूळ गेला असता, म्हणून ते केलं नाही.

आधारला नंबर कुणाचा द्यायचा ह्यावर मी दोन दिवस अडकलो होतो. माझा दिला तर सोपं होतं. पण मग पासबुक माझ्याकडं, नंबर माझा, उद्या माझ्या जागी अजून कुणी, म्हणजे परत तेच. म्हणून बटणाचा साधा फोन घेतला, सिम तिच्या नावावर, तोच नंबर दिला. मेसेज इंग्रजीत येतो, शेजारची नववीतली पोरगी वाचून सांगते. ओटीपी आला तर कुणालाच सांगायचा नाही, मलापण नाही, हे तिच्याकडनं चार वेळा म्हणून घेतलं. पासबुक आता तिच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत. पहिला हप्ता जुन्या खात्यात जमा झाला तेव्हा तिनं स्वतः फोन लावला, आयुष्यातला पहिला, आणि नुसतं आलं बघ म्हणून ठेवून दिला.

सांगलीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पण विचारून आलो, बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे कायद्यातच आहे, मला ह्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. आत्याला सांगितलं तर म्हणाली एकटीनं न्हाई, अजून कुणी असलं तर मीबी येते.

मागच्या रविवारी गेलो तर तिच्या गल्लीतल्या तीन म्हाताऱ्या ओट्यावर येऊन बसलेल्या, पिशवीत आधार कार्ड. दोघींचा पगार बंद आहे, वरनंच. तिसरीचं पासबुक भाऊकडं आहे. शनिवारी चौघींना घेऊन आधार केंद्रात जायचंय, त्यांच्या आधारला नंबर कुणाचा आहे ते आधी बघायचं.