प्रगतिपुस्तकात न सापडणारी मुलं

निकालाचे दिवस आले की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पालकांची ये-जा वाढते. मी गणिताच्या शिकवण्या घेते, म्हणून प्रश्न ठरलेला: "काकू, आमचा खरंच असामान्य आहे, की नुसताच हुशार?" हातात प्रगतिपुस्तक असतंच. ते मी मिटून ठेवते आणि विचारते, दिलेलं काम संपल्यावर तो काय करतो?

वर्गात पहिला येणाऱ्याची वही पूर्ण, अक्षर सुरेख, बाई खूश. असामान्य मूल बरेचदा मधल्या तीन पायऱ्या गाळून थेट उत्तर लिहितं आणि मार्क घालवतं. एकाच छापाची वीस गणितं करायला लावली की सातव्या-आठव्यापासून खोड्या सुरू. शेरा येतो, 'लक्ष देत नाही'. मुली तर आणखी सहज नजरेतून सुटतात. त्या दंगा करत नाहीत, येत असूनही हात वर करत नाहीत, आणि सगळे म्हणतात, किती गुणी!

माझ्याकडे सातवीतला एक मुलगा येतो. मार्क साठीच्या आसपास. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधी त्याने पतंगाच्या किन्न्याची, म्हणजे मांजा जोडण्यासाठी पतंगाला बांधतात त्या दोऱ्याची, मापं लिहायला घेतली. गाठ किती वर बांधली, वारा कसा होता, पतंग कुठे झुकला, सगळं तारखेनिशी. जोराच्या वाऱ्यात गाठ थोडी वर घ्यावी लागते, हे त्याने स्वतःच शोधलं. आईचं म्हणणं, "हीच चिकाटी इंग्लिश ग्रामरला लावली असती तर!"

पण ही चिकाटीच तर बघायची असते. जोसेफ रेन्झुली या अमेरिकन अभ्यासकाने १९७८ मध्ये तीन गोष्टी एकत्र मांडल्या: सरासरीहून वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहणं. मार्कांत यातलं फार तर एक दिसतं.

मग बुद्ध्यंक काढावा का? काढा, पण त्यावर शिक्कामोर्तब करू नका. मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात अशा चाचण्या घेऊन दीड हजारांवर मुलं निवडली. विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ त्या निवडीत बसले नाहीत. पुढे दोघांनाही पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ मध्ये. निवडलेल्यांपैकी कोणालाच ते मिळालं नाही. आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, शाळेत इंग्रजी. अशा मुलाची शब्दांवर बेतलेली चाचणी घेतली की बुद्धीपेक्षा इंग्रजीच जास्त मोजलं जातं. चित्रांच्या आकृतिबंधांवरची रेव्हनची चाचणी १९३८ पासून आहे, ती त्यातल्या त्यात बरी. तीसुद्धा घोकून घेणारे पालक मी पाहिलेत!

बडोद्यात हा विषय निघाला की कोणीतरी ज्येष्ठ सयाजीराव महाराजांची गोष्ट सांगतातच. १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीसाठी वारस निवडायला कवळाणे गावाहून आणलेल्या मुलांना विचारलं, कशाला आलात? त्यांतला गोपाळ, म्हणजेच पुढचे सयाजीराव, म्हणाला, राज्य करायला. गोष्ट ऐकायला छान आहे. मला मात्र तिच्यानंतरचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. शाळेचं तोंडही धड न पाहिलेल्या त्या बारा वर्षांच्या मुलाला इलियट साहेबांसारखा शिक्षक मिळाला, आणि पूर्ण अधिकार हाती आले ते १८८१ मध्ये. नुसत्या एका चटपटीत उत्तरावर त्याला गादीवर बसवून सोडून दिलं असतं तर? याच राजाने १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९१३ मध्ये आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली.

म्हणून पालकांना मी सांगते, मुलासमोर 'जिनियस' म्हणू नका, आणि एकदम वरच्या वर्गात ढकलायची घाईही नको. काम वाढवू नका, अवघड करा. पतंगवाल्याची नेहमीची गणितं मी निम्मी केली आहेत. त्याऐवजी त्याला विचारलंय, कुठल्याही वेड्यावाकड्या चौकोनाच्या बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडले तर दर वेळी समांतरभुज चौकोनच का मिळतो? अजून सुटलेलं नाही. आईचा फोन आला होता, जेवायला हाक मारली तरी उठत नाही म्हणून.