सी म्हणजे आपली बोट

परवा दुपारी ओट्यावर कणीक वाळून चिकटली होती आणि ती खरवडायला मी नेहमीप्रमाणे ड्रॉवरमधून एक कार्ड काढलं. जुनी कार्डं मी टाकत नाही. मुदत संपलेली एटीएम कार्डं, हॉटेलच्या खोल्यांची परत द्यायची राहिलेली कार्डं, बंद पडलेल्या जिमचं कार्ड, सगळी तिथेच सुरीच्या खालच्या कप्प्यात पडलेली असतात. नवऱ्याच्या मते हा आजार आहे. असेल, पण ओट्याचा दगड ह्या कार्डांनी जसा साफ होतो तसा कुठल्याच ब्रशने होत नाही, ज्यांनी करून बघितलंय त्यांना पटेल.

तर ते कार्ड निघालं निळं, कोपऱ्यात भोक पाडलेलं, गळ्यात दोरीला अडकवायचं. क्रूझचं. खाली आईचं नाव आणि एका कोपऱ्यात एकच अक्षर, सी.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळे गेलो होतो, मी, नवरा, दोन्ही मुलं आणि पंच्याहत्तरीची आई. रोमजवळच्या चिविताव्हेक्किया बंदरातून निघायचं, मेसिना, माल्टा, मग एक दिवस नुसतं पाणी, मग सान्तोरिनी, मिकोनोस, ऱ्होड्स आणि शेवटी अथेन्सचं पिरेयस बंदर, सात रात्री. व्हिसा, विमा, कर्ज हे सगळं सांगत बसत नाही, ज्याचं त्याला माहीत असतं. आईला न्यायची कल्पना मुलीची. आई आधी नाहीच म्हणाली, मग म्हणाली की बोटीचा प्रवास असेल तर येते, विमानाचा असेल तर नको. बोटीपर्यंत जायला विमानच लागतं हे तिला आम्ही तिकिटं काढल्यावर सांगितलं.

सी म्हणजे असेंब्ली स्टेशन सी. जहाजावर काही झालं तर आम्ही पाच जणांनी जिथे जाऊन उभं राहायचं ती जागा. पूर्वी म्हणे सगळ्या प्रवाशांना लाइफजॅकेट घालून डेकवर रांगेत उभं करायचे, आता फोनवर एक व्हिडिओ बघायचा आणि आपापल्या स्टेशनला जाऊन कार्ड टेकवून यायचं, झालं. आमच्या मुलाने व्हिडिओ बघताना दुसऱ्या हाताने पिझ्झा खाल्ला. आई मात्र भडकली. "मोबाईलार बघून कोण वाचता काय?" तिने आम्हाला केबिनपासून सी पर्यंत जिन्याने चालायला लावलं, लिफ्ट नको म्हणाली, लिफ्ट तेव्हा बंद असते. पायऱ्या मोजल्या. मग परत वर. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेली बाई.

मला तेव्हा हसू आलं होतं. नंतर नवऱ्याने सांगितलं की 2012 साली ह्याच चिविताव्हेक्कियातून संध्याकाळी निघालेलं एक मोठं जहाज दोनतीन तासांत जिल्यो नावाच्या बेटाजवळ खडकाला लागून कलंडलं होतं, बत्तीस माणसं गेली, आणि त्या दिवशी तिथून चढलेल्या शेकडो लोकांचं हे ड्रिल झालेलंच नव्हतं, दुसऱ्या दिवशी घ्यायचं ठरलेलं. त्यानंतर नियम बदलला, आता जहाज सुटायच्या आधी नाहीतर सुटल्या सुटल्या ड्रिल झालंच पाहिजे. हे त्याने आईला सांगितलं नाही, बरं केलं.

आमच्या केबिनला खिडकी नव्हती. खिडकीवाली केबिन घेतली असती तर एक मूल घरी ठेवावं लागलं असतं. दिवा बंद केला की डोळे उघडे की मिटलेले ते कळायचं नाही, आईने पहिल्या रात्रीच विचारलं की हयसर सकाळ झाली कशी कळतली? तर टीव्हीवर एक चॅनल होतं, जहाजाच्या पुढच्या टोकावरचा कॅमेरा चोवीस तास तेच दाखवायचा, समोरचा समुद्र. आई ते लावून झोपायची. त्या रात्री उशिरा आम्ही दोघी वर डेकवर गेलो कारण स्ट्रॉम्बोली दिसणार होता, ज्वालामुखीचं बेट, दर थोड्या वेळाने थुंकल्यासारखी लाल ठिणगी उडवतो आणि पूर्वीपासून खलाशी त्याला भूमध्य समुद्राचं दीपगृह म्हणतात. दिसला. म्हणजे अंधारात लाल टिकली चमकली आणि गेली. आईने हात जोडले. आई कशालाही हात जोडते, मेसिनाच्या चर्चच्या मनोऱ्यावर दुपारी बाराच्या ठोक्याला सोनेरी सिंह डरकाळी फोडतो आणि कोंबडा आरवतो, त्यालाही जोडले. ते घड्याळ 1933 चं. त्याआधी 1908 च्या भूकंपात सगळं शहर जमीनदोस्त झालेलं, हे ऐकल्यावर तिने परत एकदा जोडले.

पण खरी गंमत डेकवर. सकाळी सातला स्विमिंग पूलभोवतीच्या सगळ्या आरामखुर्च्यांवर टॉवेल. माणूस एक नाही, नुसते टॉवेल, एकावर पुस्तक, एकावर एक चप्पल. युरोपातली माणसं बरं का, एरवी रांगेत दोन हात अंतर ठेवून उभी राहणारी. बोर्डवर लिहिलेलं की खुर्च्या अडवू नयेत, त्या बोर्डालाही कोणीतरी टॉवेल घातलेला. आईचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "ह्येंका पण जागा धरूक येता!"

कारण जागा धरणे हे आमच्या घराण्याचं शिक्षण. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाऊच्या धक्क्यावरून मालवणला बोटीने जायचं, कोकण सेवक की कोकण शक्ती ह्यावर आई आणि मामा अजून भांडतात, मला फक्त भोंगा आठवतो आणि डिझेलचा आणि सुक्या मासळीचा मिळून एक वास. मामा हमालाला पैसे देऊन आधी आत घुसवायचा, तो लोअर डेकवर आमची सतरंजी अंथरायचा, चार कोपऱ्यांवर ट्रंक, वळकटी, फणसाची नाहीतर कसली तरी पाटी आणि चौथ्या कोपऱ्यावर मी. मला हलायची परवानगी नसायची. शेजारच्यांची सतरंजी सरकत सरकत आमच्यावर आली की आजी काही न बोलता पायाच्या अंगठ्याने ती मागे ढकलायची. मग बोट हलायला लागली की लिंबू हुंगायचं, आवळासुपारी, आणि तरीही कोणीतरी ओकायचंच, एक सुरू झाला की रांगच लागायची. क्रूझवर रिसेप्शनला उलटीच्या गोळ्या मिळतात आणि शेफ हिरवी सफरचंदं खा म्हणतात. आईच्या पर्समध्ये आवळासुपारी होतीच. पण समुद्र इतका गुळगुळीत की सात दिवसांत एकालाही लागली नाही, आई जरा नाराजच.

एकूणच समुद्राबद्दल तिचं मत वाईट झालं. माल्टाला वॅलेटाच्या किल्ल्याच्या भिंतीशी, तो मधासारखा पिवळा दगड, आमच्या जांभ्याच्या बरोब्बर उलट, तिथे बसून ती दोन तास खालचं पाणी बघत होती. वर बागेत बाराची तोफ उडाली, मुलं 1565 च्या तुर्कांच्या वेढ्याची गोष्ट ऐकत होती, मी माल्टी भाषेत दुनियेला 'दिन्या' आणि पुस्तकाला 'क्तीब' म्हणतात हे कळून खूष झाले होते, अरबी वळणाची भाषा आणि रोमन लिपी, दुकानाच्या पाट्या वाचत फिरत होते. आईला कशात रस नाही. शेवटी म्हणाली, "ह्यो कसलो समुद्र गो, भरती नाय नि सुकती नाय." खडकावर शेवाळाची ओली रेघ जेमतेम वीतभर. तिने सकाळी बघितली, दुपारी बघितली, पाणी तिथेच. जिब्राल्टरचं तोंड जेमतेम चौदा किलोमीटरचं, महासागराची भरती आत शिरणार कुठून, असं मी गुगल करून सांगितलं. तिला कारण नको होतं. जो समुद्र रोज दोनदा मागे हटून आतलं दाखवत नाही, कालवं नाहीत, खेकडे नाहीत, पोरं चिखलात जात नाहीत, त्याच्या काठावर लोक करतात काय, असा तिचा प्रश्न. लोक वाईन पीत होते.

आमच्या केबिनची साफसफाई बघणारा मुलगा गोव्याचा, सासष्टीतला. पहिल्या दिवशी आई आमच्यावर मालवणीत ओरडत होती ते ऐकून दारात थांबला आणि म्हणाला, "तुमी खंयचीं?" झालं. त्यानंतर रोज रात्री थर्मासभर गरम पाणी यायचं. बाकीच्या केबिनमध्ये टॉवेलचा हत्ती नाहीतर हंस करून ठेवायचे तसा आमच्याकडेही यायचा, आई तो मोडू द्यायची नाही, शेवटी आम्हाला आंघोळीचे टॉवेल कमी पडले. त्याचा बाप तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, आजा तारवटी. सान्तोरिनीला तो किती वेळा आला असेल, मोजत नाही म्हणाला. उतरलास कधी? एकदा, सिमकार्ड घ्यायला.

सान्तोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखी फुटून बेटाचा मधला भागच खचला, त्या खड्ड्यात समुद्र भरला, त्यामुळे आत पाणी इतकं खोल की नांगर टाकायची सोय नाही. जहाज लांब उभं राहतं आणि तिथले स्थानिक लोक आपल्या लहान बोटी घेऊन येतात, त्यात उतरून किनाऱ्याला जायचं. जहाजाच्या पोटातलं दार उघडलं, खाली ती बोट वरखाली होतेय, दोन माणसं हात पुढे करून उभी, आणि आई दारातच थांबली. मला वाटलं घाबरली.

"हयसरय पडाव!"

मालवणला बोट अशीच लांब उभी राहायची, खडकांमुळे. पहाटेचा अंधार, आम्हाला झोपेतून ओढून काढलेलं, खाली कंदील लावलेला पडाव, म्हणजे लहान होडी, हेलकावतोय आणि खलाशी लाट वर येईपर्यंत थांबून नेमक्या क्षणाला पोराला बखोटीला धरून उचलायचे, ट्रंकेसारखंच. आई नऊवारी आजीला सांभाळत, आजी कोंबडी सांभाळत. मी एकदा रडले तर खलाशी म्हणाला, रडलंस तर मुंबैक परत. तेव्हापासून मी बोटीत रडत नाही.

तर सान्तोरिनीला त्या ग्रीक माणसाने हात पुढे केला. आईने तो बघितला नाही, पाण्याकडे बघत राहिली, दोन हेलकावे जाऊ दिले, तिसऱ्याला स्वतःच पाऊल टाकून आत. माझा नवरा मात्र धडपडला. वर 'फिरा' नावाच्या गावाला जायला केबल कार, नाहीतर पाचशेऐंशीच्या वर पायऱ्या, नाहीतर गाढव. आम्ही केबल कारच्या रांगेत सव्वा तास. वर निळे घुमट, पांढऱ्या भिंती, सगळे फोटो काढतायत, आपणही काढले. जेवताना फावा मागवला, पिवळ्या डाळीचं घट्ट वाटण, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल, तिथली खासियत. आईने एक घास घेऊन निकाल दिला, "वरान आसा, फोडणी घालूक इसारले." ती डाळ आपल्या विदर्भातल्या लाखोळीची चुलत बहीण लागते, म्हणजे आईचं काही चुकलं नाही.

मिकोनोस आणि ऱ्होड्स चांगली होती. ऊन फार.

परवा कार्डाने कणीक खरवडायला घेतली तेवढ्यात आई पाणी प्यायला आत आली. कार्ड बघितलं आणि हातातून काढूनच घेतलं. "टाकू नको. तेच्यार आपल्या बोटीचा नाव हा." म्हटलं आई, ते जहाज आता कुठे असेल देव जाणे, आपण काही परत त्यावर जाणार नाही. तिने ऐकलं नाही, नळाखाली धरून धुवायला लागली.

मग मला ते आठवलं. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटली की आजी बोलायची बंद व्हायची. मुंबई मागे पडेपर्यंत, बोट मोकळ्या समुद्राला लागेपर्यंत एक शब्द नाही, आम्ही खायला मागितलं तरी नुसता हात. आम्हाला वाटायचं तिला बोट लागते. तिचा धाकटा भाऊ 'रामदास' नावाच्या बोटीत होता. 17 जुलै 1947, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेच्या वर माणसं गेली. तो गिरणीतल्या दोस्ताच्या गावी निघाला होता. मालवणचा पोरगा, पोहण्यात पटाईत, हे आजी दर वेळी सांगायची आणि पुढचं सांगायची नाही.

आईने कार्ड पुसून तिच्या देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं, मेडिक्लेमच्या कागदांवर. मी ड्रॉवरमधून जिमचं काढलं. कणीक तोवर दगड झाली होती.