'माइट'ची ताकद

दुपारी मैत्रिणीचा मेसेज आला, 'आय माइट कम.' आता वाट बघत बसायचं की दार लोटून आडवं व्हायचं? 'मे' म्हणाली असती तर निदान उठून केस विंचरले असते. 'माइट' म्हणजे 'नाही'कडे झुकलेलं 'हो'. व्याकरणाची पुस्तकं दोन्हींत असा चिमूटभर फरक सांगतात, बोलताना तो फारसं कुणी पाळत नाही. मी पाळते. खोडच आहे म्हणा.

खोड लावली ती शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी. वर्गाच्या दारात उभं राहून 'कॅन आय कम इन?' विचारलं की त्या चष्म्यावरून बघायच्या. "पाय धड आहेत ना? मग कॅन. आता परवानगी माग." एका पठ्ठ्याला पहिल्यांदाच चूक कळली होती, तरी तो मुद्दाम तीनदा 'कॅन'च म्हणाला. अख्खा तास व्हरांड्यात! आम्हाला त्याचा फार हेवा वाटला.

खूप पुढे कळलं की जुन्या इंग्रजीत 'कॅन' म्हणजे ठाऊक असणं आणि 'मे' म्हणजे बळ असणं. 'माइट' हे नाम तर अजूनही ताकद याच अर्थाने वापरतात. म्हणजे धडधाकट पायांसाठी खरा शब्द 'मे'! बाईंना सांगायचं राहूनच गेलं. आपल्याकडेही तेच की. 'पोहता येतं' हे शिकलेलं असतं आणि 'शकणे' शक्तीच्या घरातलं. तेही झिजत झिजत 'पाऊस येऊ शकतो'पर्यंत आलं. त्यात कसली आली शक्ती? 'कुड'च्या स्पेलिंगमधल्या 'एल'चं तर विचारूच नका. मुळात तो नव्हताच, 'वुड', 'शुड'चं बघून नंतर येऊन चिकटला.

'कुड'ची आणखी एक गंमत. लहानपणी झाडावर चढता यायचं, तिथे 'कुड' चालतं. पण एका दिवशी कसंबसं चढून खरंच वर पोचलो, तर त्याला 'वॉज एबल टू' लागतं. नकारात मात्र सगळीकडे 'कुडन्ट'. न जमण्याला इंग्रजीत एवढ्याने भागतं.

आपलं भागत नाही. शेवटच्या महिन्यांत आजीला मी रोज विचारायचे, "चार पावलं चालता येतंय का?"

"येतंय गं. चालवत नाही."

तपासायला आलेल्या डॉक्टरांना मराठी येत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "कॅन शी वॉक?"

मी आजीकडे बघितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"येस," मी म्हणाले.