पांढऱ्या पावाच्या रस्त्यावरचं गाव

इटलीतल्या त्रिएस्ते शहराचं नाव आपल्याकडच्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना चांगलंच ओळखीचं आहे. १९६४ मध्ये अब्दुस सलाम यांनी इथे सैद्धांतिक भौतिकशास्त्राचं आंतरराष्ट्रीय केंद्र सुरू केलं, तेव्हापासून भारतातून येणाऱ्यांची रीघ लागली आहे. आम्हीही त्याच वाटेने आलो. आलेले पाहुणे मिरामारेचा किल्ला बघतात, समुद्राकाठचा मोठा चौक बघतात, कॉफी पितात आणि परत जातात. मी आज तुम्हाला शहराच्या दुसऱ्या टोकाला नेणार आहे, दक्षिणेकडच्या एका टेकडीवर. इटालियन लोक तिला सेर्वोला म्हणतात. ज्यांचं ते गाव, ते स्लोव्हेन लोक (शेजारच्या स्लोव्हेनियाची भाषा बोलणारे) म्हणतात श्केदेन.

बस वर चढते तसे मोठे रस्ते मागे पडतात. सेंट लॉरेन्सचं चर्च, त्याच्याभोवती अरुंद बोळ, एकमेकांना टेकून उभी असलेली बुटकी घरं. मुंबईतली जुनी गावठाणं पाहिलेल्या माणसाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. शहर चहूबाजूंनी आलं आणि गाव मधे उरलं, एवढं नुसत्या नजरेला कळतं.

१७१९ साली ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्यातल्या सम्राट सहाव्या चार्ल्सने त्रिएस्ते मुक्त बंदर म्हणून जाहीर केलं, तेव्हा ते पाच-सहा हजार वस्तीचं गाव होतं. १९१० पर्यंत वस्ती सव्वादोन लाखांच्या वर गेली. मधे १८५७ मध्ये व्हिएन्नाहून रेल्वेही आली. जहाजं, गोदामं, विमा कंपन्या, हमाल, खलाशी. एवढ्या सगळ्यांना रोज सकाळी पाव लागणार, आणि तो भाजत होत्या श्केदेनच्या बायका.

त्यांना क्रुशारित्से म्हणत, म्हणजे पाववाल्या. रात्री गाव झोपलेलं असताना त्या उठायच्या, कणीक मळायच्या, घरच्या चुलाणात पाव भाजायच्या आणि उजाडायच्या आत टोपल्या डोक्यावर नाहीतर गाढवावर लादून शहराची वाट धरायच्या. डोक्यावर टोपलीखाली चुंबळ. शहरात गिऱ्हाइकं ठरलेली असायची. टेकडीवरच्या ज्या रस्त्यावर आज गावाचं छोटं संग्रहालय आहे, त्याचं नावच ‘पांढऱ्या पावाचा रस्ता’ आहे. आत कणीक मळायची लाकडी भांडी ठेवली आहेत, आपल्या काथवटीसारखी पण लांबट. शेजारी गावच्या बायकांचा पोशाख आहे, डोक्याला बांधायच्या पांढऱ्या रुमालासकट. मी त्या रुमालाच्या कडेची भरतकामाची टीप जवळून बघत बराच वेळ उभी राहिले. इतकं बारीक काम करायला तिला वेळ कधी मिळत असेल? रात्री कणीक, पहाटे पायपीट, दिवसा घर आणि शेत.

शहर मोठं झालं तसे शहरातच मोठे पावाचे कारखाने निघाले आणि टेकडीवरच्या घरगुती भट्ट्यांचं काम हळूहळू आटलं. पावाचा आकार मात्र टिकला. त्रिएस्तेच्या बेकऱ्यांत अजूनही ‘बिगा सेर्वोलाना’ मिळतो. दोन छोटे पाव एकमेकांना चिकटलेले, मधोमध मोडायचे, एक तुम्हाला एक मला. आमच्या घरी रोज तोच येतो.

मग लोखंड आलं. १८९७ मध्ये टेकडीच्या पायथ्याशी, खाडीकाठी, क्रांजस्का उद्योग कंपनीने झोतभट्टी पेटवली. खनिज आणि कोळसा जहाजाने यायचा आणि कच्चं लोखंड आल्प्सच्या पायथ्याच्या येसेनित्सेच्या पोलाद कारखान्याकडे जायचं. गावच्या पुरुषांना पगार मिळाला, बाहेरून कामगार आले, शेतं गेली. कागदोपत्री श्केदेन त्रिएस्तेच्या हद्दीतलंच होतं, पण माझ्या मते ते खऱ्या अर्थाने शहरात गेलं ते इथे. नकाशावरच्या रेषेने गाव बदलत नाही. माणूस पहाटे शेताऐवजी भोंग्याकडे निघाला की बदलतं.

या सगळ्यात एक हिशेब फार बोलका आहे. १९१० च्या जनगणनेत त्रिएस्तेत स्लोव्हेन किती, याची पहिली मोजणी शहराच्या इटालियन अधिकाऱ्यांनी केली आणि आकडा आला ३६,२०८. तक्रारी झाल्या, ऑस्ट्रियन सरकारने फेरमोजणी करवली, तेव्हा तो ५६,९१६ निघाला. वीस हजारांहून जास्त माणसं नुसत्या लेखणीने नाहीशी केली होती!

पहिल्या महायुद्धानंतर शहर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेलं आणि लेखणीची जागा आगीने घेतली. १३ जुलै १९२० रोजी फासिस्टांनी शहराच्या मध्यावरचा नारोदनी दोम, म्हणजे स्लोव्हेन लोकांचं सांस्कृतिक भवन, जाळलं. १९२३ च्या शिक्षण कायद्यानंतर स्लोव्हेन शाळा एकेक वर्ष करत बंद पडल्या. १९२७ पासून आडनावं इटालियन करणं सुरू झालं. वोदोपिवेत्स या आडनावाचं बेव्हिलाक्वा झालं. एका पिढीला आजोबांची सही ओळखता येईना. आणि दुसऱ्या महायुद्धात, श्केदेनच्या शेजारीच सान साब्बाच्या जुन्या भातगिरणीत जर्मनांनी छळछावणी केली, दहनभट्टीसकट. तिथे मारल्या गेलेल्यांची संख्या ३,००० ते ५,००० धरतात. त्यांत स्लोव्हेन होते, क्रोएट होते, इटालियन प्रतिकारक होते. तिथूनच ज्यूंच्या गाड्या पुढच्या छावण्यांकडे रवाना होत. आज ते राष्ट्रीय स्मारक आहे. इथे येणाऱ्या प्रत्येक भारतीयाला मी तिथे जायला सांगते.

युद्धानंतरची वर्षं आणखी चमत्कारिक होती. १९४७ ते १९५४ त्रिएस्ते कुणाचंच नव्हतं, ‘मुक्त प्रदेश’ होता. नंतर ते परत इटलीकडे आलं. स्लोव्हेन शाळा पुन्हा उघडल्या होत्या. श्केदेनमध्ये चर्चचे पाद्री दुशान याकोमिन यांनी १९७५ मध्ये ते संग्रहालय उभं केलं. सरकार करेल म्हणून थांबले असते तर त्या काथवटी केव्हाच सरपणात गेल्या असत्या. मला या माणसाचं फार मोठेपण वाटतं.

कारखाना मात्र गावाच्या उशाशी धुमसतच राहिला. आमच्या ओळखीच्या एक आजी त्या टेकडीवर वाढल्या. त्या सांगतात, कपडे वाळत घालण्याआधी आई वारा बघायची. बोरा, म्हणजे इथला डोंगराकडून येणारा झोंबरा वारा, असला तर बिनधास्त घाला. समुद्राकडून असला तर चादरी संध्याकाळी पुन्हा धुवाव्या लागत, खिडकीच्या कठड्यावर काळी भुकटी साचायची. धुळीविरुद्ध रहिवासी वर्षानुवर्षं भांडले, आणि दुसऱ्या बाजूला कामगारांच्या पोटाचा प्रश्न होता. अनेकदा भांडणारा आणि कामगार एकाच घरातले असत. अखेर एप्रिल २०२० मध्ये झोतभट्टी थंड झाली. त्याच वर्षी जुलैत, १९२० च्या त्या आगीला बरोबर १०० वर्षं झाली त्या दिवशी, इटली आणि स्लोव्हेनियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत नारोदनी दोम स्लोव्हेन समाजाला परत देण्याचा करार झाला.

भट्टीच्या जागेवर आता बंदराचा विस्तार व्हायचा आहे. टेकडीवर फेब्रुवारीच्या सुमारास कार्निव्हल निघतो, तेव्हा जाणं उत्तम. संग्रहालय रोज उघडं नसतं, त्यामुळे आधी विचारून जा. आणि बेकरीत गेलात तर ‘बिगा’ सकाळीच मागा, दुपारपर्यंत संपतो.